डाव्या हातातली गिरणी

सकाळचे सात वाजून बारा मिनिटं झाली आहेत. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका दिव्यांच्या कारखान्यात हर्षदा टेळे पांढरे सुती हातमोजे घालून एक स्ट्रीटलाइट गोळ्याच्या मधोमध टांगते, गोळ्याचं दार लावते आणि बटण दाबते.

गोळा माणसापेक्षा उंच आहे. आतून पोकळ, खडूसारखा पांढरा. आत उघडा हात लावायचा नाही, कारण बोटांचा डागही उजेड खातो. दिव्याचा उजेड कुठल्याही दिशेला जावो, आतल्या पांढऱ्या भिंतीवर आपटून तो सगळीकडे सारखा पसरतो आणि बाजूला बसवलेलं यंत्र तो मोजतं. पडद्यावर आकडा उमटतो. हर्षदा त्याच्याकडे बघते आणि स्टूल ओढून बसते. आकडा ती घेत नाही.

"आत्ताचा आकडा खोटा असतो," ती म्हणते. "दिवा गार हाय. तापला की उतरतो. उतरून जिथं थांबंल, तो खरा."

थांबायला अर्धा तास तरी लागतो. नव्या मुली घाई करतात, पहिलाच आकडा भरून मोकळ्या होतात, आणि असा दिवा पुढे गिऱ्हाइकाकडून परत येतो. हर्षदाला या खोलीत सहा वर्षं झाली. तिचा एकही दिवा परत आलेला नाही, असं तिचा सुपरवायझर सुमित भालेराव सांगतो. तो तिच्याहून लहान आहे आणि तिला ताई म्हणतो.

आकड्यापुढे जे एकक लागतं ते लुमेन. दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून किती उजेड बाहेर पडतो, त्याचं हे माप. त्यातला कुठल्या जागेवर किती पडतो, ते माप वेगळं, लक्स. हर्षदाने हा फरक सासूला सांगितला होता तो असा: "आत्या, मोटारीनं टाकलं ते सगळं पाणी म्हंजी लुमेन. त्यातलं आपल्या सरीत आलं तेवढं लक्स." गिताबाईंनी यावर विचारलं होतं, "आन् मधी शेजाऱ्यानं फोडून घेतलं ते?" त्याला शास्त्रात शब्द असला तरी हर्षदाला तो शिकवलेला नव्हता.

लुमेन हा शब्द तिला दुसऱ्यांदा भेटला तो दौंडला, दीड वर्षापूर्वी, एका प्लास्टिकच्या पाकिटावर.

हर्षदा चौतीस वर्षांची आहे. माहेर भांडगावचं, सासर खुटबावचं. दौंडच्या आयटीआयमधून तिने इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला, तेव्हा वर्गात तिच्यासह तीनच मुली होत्या. सासरचे टेळे धनगर. सासरे रखमाजी तरुणपणी मेंढरं घेऊन पावसाळा सरला की कोकणात उतरत आणि उन्हाळ्यात वर येत. वीस-बावीस वर्षांपूर्वी ते सुटलं. आता ऊस आहे, घरामागच्या वाड्यात दहा-बारा मेंढरं आहेत. रखमाजी त्यांची लोकर अजून स्वतः कातरतात आणि दुपारी ओट्यावर बसून टकळीवर सूत कातत राहतात. त्यांचा मुलगा मल्हार, हर्षदाचा नवरा, गुऱ्हाळांना ऊस पुरवायचा. स्वतः ट्रॅक्टर चालवायचा, स्वतः मोळ्या उतरवायचा. खुटबावच्या आसपास हंगामात गुऱ्हाळं रात्रंदिवस पेटलेली असतात, त्यामुळे काम भरपूर होतं.

मल्हारचे पाय सुजू लागले तेव्हा घरच्यांना वाटलं ट्रॅक्टरवर बसून सुजले. नंतर तोंड सुजलं, जेवण जाईना. केडगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्याच दिवशी दौंडला पाठवलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली होती. ब्लडप्रेशर किती वर्षं वाढलेलं होतं कुणास ठाऊक. मल्हारने ते कधी मोजलंच नव्हतं. तो तेव्हा छत्तीस वर्षांचा होता.

डायलिसिस तातडीने सुरू करायचं म्हणून मानेच्या मोठ्या शिरेत एक नळी घातली. त्या नळीचं रिकामं पाकीट टेबलावर पडलं होतं आणि त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, डबल लुमेन. हर्षदाने ते उचलून दोनदा वाचलं.

दौंडच्या डायलिसिस केंद्रात गौतमी ओव्हाळ तंत्रज्ञ आहे. दौंडचीच. बोलायला मोकळी. हर्षदाने तिला विचारलं, "ताई, ह्यात लुमेन कसलं? आमच्याकडं लुमेन म्हंजी उजेड."

"इथं लुमेन म्हणजे नळीच्या आतली मोकळी जागा," गौतमीने सांगितलं. "बाहेरून एक नळी दिसते, पण आत दोन वाटा आहेत. लाल झाकणाच्या वाटेनं रक्त मशिनीत येतं, निळ्या झाकणाच्या वाटेनं साफ होऊन परत जातं. आपल्या शिरांना, आतड्याला, श्वासनळीलाही लुमेन असतं. जिथं नळी तिथं लुमेन."

"आन् बुजलं तर?"

"म्हणून तर आम्ही नोकरीला आहोत."

दोन्ही अर्थ एकाच जुन्या शब्दातून आले आहेत. लॅटिनमध्ये लुमेन म्हणजे उजेड, आणि उजेड आत येण्याची जागा, म्हणजे खिडकी किंवा झरोका, यालाही तोच शब्द. शरीरातली नळी आडवी कापून धरली की मधल्या भोकातून पलीकडचा उजेड दिसतो. शरीर चिरून बघणाऱ्यांनी त्या भोकाला ते नाव दिलं. दिव्याचं माप ठरवणाऱ्यांनी बऱ्याच नंतर तोच शब्द उचलला. हर्षदाला हे पुढे पुण्याच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्या वेळी तिला त्याचं काही वाटलं नाही. तिच्यासमोर तेव्हा मानेतली नळी होती.

मानेतली नळी कायमची नसते. बाहेरून सरळ रक्तात जाणारी वाट असल्यामुळे तिच्यातून जंतूही जातात. मल्हारला तिच्यामुळे दोनदा थंडी वाजून ताप आला, दोनदा नळी बदलावी लागली. तिसऱ्यांदा झालं तर हृदयापर्यंत जाऊ शकतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उपाय एकच होता, हाताचा फिस्टुला. मनगटाजवळ धमनी आणि शीर एकमेकांना जोडून देतात. धमनीचं जोराचं रक्त शिरेत घुसतं. काही आठवड्यांत शीर फुगते, तिची भिंत जाड होते, आतली जागा रुंद होते आणि मग तिच्यात दर खेपेला दोन सुया टोचता येतात. मल्हारच्या उजव्या हाताच्या शिरा आजारपणाच्या सुरुवातीलाच सलाइनने गेलेल्या होत्या. राहिला डावा हात.

पुण्याच्या एका रुग्णालयात ऑपरेशन झालं. डॉक्टरबाईंनी सूचना दिल्या: या हातात सुई टोचू द्यायची नाही, ब्लडप्रेशरचा पट्टा बांधू द्यायचा नाही, घड्याळ नको, कडं नको, ओझं नको, या हातावर डोकं ठेवून झोपायचं नाही. मल्हारने चांदीचं कडं तिथंच काढून हर्षदाच्या पर्समध्ये टाकलं. रोज रबरी चेंडू दाबायचा आणि रोज सकाळी त्या जागेवर बोटं ठेवून बघायचं. जोडलेल्या जागी रक्त इतक्या वेगाने धावतं की कातडीखाली घरघर लागते. ती घरघर म्हणजे वाट मोकळी असल्याची खूण.

मल्हारने पहिल्यांदा बोट ठेवलं तेव्हा तो म्हणाला, "आयला, गिरणी बसवली का काय आत?"

घरात मग तोच शब्द पडला. हर्षदाची बस चौफुल्यावरून पहाटे निघते. निघण्याआधी ती अंथरुणाशी वाकून नवऱ्याच्या मनगटावर बोटं ठेवायची.

"गिरणी चालू हाय का?" तो डोळे न उघडता विचारायचा.

"चालू हाय. दळण टाकू का?"

"टाक. पन पीठ बारीक पायजे."

मुलगी भांडगावला आजोळी राहून शिकते. ती फोनवर आईला आधी गिरणीचं विचारायची, मग बाबांचं. दौंडला गौतमी बोटं ठेवून मान हलवायची आणि मग दोन खेपांमध्ये अंगात साठलेलं पाणी वजनकाट्यावर बघून मल्हारला ऐकवायची, "दादा, पाणी पिलात का विहीर पिलात?" शीर फुगत होती. सहा आठवडे झाले की बघू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. चार झाले होते.

त्या अमावस्येला रखमाजी बिरोबाला गेले.

टेळ्यांच्या भावकीत घरातलं कुणी किंवा वाड्यातलं जनावर दुखण्यातून उठत नसलं तर थोरल्याने स्वतःच्या हाताने कातलेला लोकरीचा दोरा देवाच्या पायाशी ठेवायचा, भंडारा लावायचा आणि आणून दुखऱ्या जागी बांधायचा अशी रीत आहे. तो पुढच्या अमावस्येपर्यंत काढायचा नाही. रखमाजींनी काळ्या मेंढीच्या लोकरीचा दोरा दोन पदरी वळला होता. घरी आल्यावर त्यांनी तो मल्हारच्या डाव्या मनगटावर, टाक्यांच्या वर चार बोटं सोडून, बांधला.

हर्षदा संध्याकाळी आली तेव्हा दोरा हातात होता.

"मामा, ह्या हाताला काय बांधायचं न्हाई म्हनलंय डॉक्टरनी."

"घड्याळ न्हाई म्हनलंय, कडं न्हाई म्हनलंय. ही लोकर हाय. मऊ."

"दुसऱ्या हाताला चालंल की."

"दुखतं तिथंच बांधायचा अस्तो, बाई. मेंढराच्या पायाला झालं तर काय शिंगाला बांधतो व्हय?"

मल्हार हसला. गिताबाई हसल्या. हर्षदाने दोऱ्याखाली आपली दोन बोटं घालून बघितली. बोटं सहज गेली, फिरलीही. मनगटावर हात ठेवला तर गिरणी जोरात चालू होती. "ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली.

पौषातली थंडी होती. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या अंगाला खाज सुटते, आणि मल्हारला गरम पाण्याने तेवढा आराम पडायचा. गिताबाई बंब पेटवून त्याला रोज कढत पाणी काढून देत. तो अंग चोळून चोळून अंघोळ करायचा. लोकर गरम पाण्यात घालून चोळली की आटते. घोंगडं गार पाण्यात धुवायचं हे धनगराच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतं. पण घोंगडं घोंगडं असतं आणि देवाचा दोरा देवाचा. त्या घरात चौघांपैकी एकाच्याही डोक्यात ती गोष्ट आली नाही. दोरा रोज थोडा आटत गेला. हळूहळू आवळला जात असल्यामुळे मल्हारला तो वेगळा जाणवला नाही. हर्षदा रोज पहाटे अंधारात मनगटावर बोटं ठेवायची, गिरणी ऐकायची आणि निघायची. दोऱ्याखाली तिने बोटं पुन्हा घातली नाहीत.

पाचव्या दिवशी मल्हारला खाजेने रात्रभर झोप नव्हती. पहाटे कुठे त्याचा डोळा लागला. डावा हात उशीखाली गेला होता. हर्षदाने त्याला उठवलं नाही. ती तशीच बस पकडायला गेली.

मल्हार आठच्या सुमाराला उठला. सवयीने उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवली, दोनदा जागा बदलून बघितली. मग हाक मारली, "आई, हात लाव गं हितं."

गिताबाईंनी हात लावला. "मला न्हाई बाई काय कळत. तुझ्या बापाला बोलवते."

रखमाजी वाड्यातून आले. आजारी मेंढराच्या मांडीत अंगठा दाबून नाडी बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. त्यांनी मनगटावर अंगठा ठेवला, थोडा वर सरकवला, थोडा खाली. "बंद हाय," ते म्हणाले. तेव्हा त्यांचं लक्ष दोऱ्याकडे गेलं. दोरा कातडीत रुतला होता आणि त्याच्या पुढचा हात सुजला होता.

टेस्टिंगच्या खोलीत मोबाइल नेता येत नाही. हर्षदाचा फोन लॉकरमध्ये होता. अडीअडचणीसाठी घरी सुमितचा नंबर होता. सुमित खोलीत आला तेव्हा गोळ्यात दिवा लागलेला होता आणि हर्षदा आकडा थांबायची वाट बघत होती. त्याने आपला फोन तिच्या हातात दिला.

"इथं फोन..."

"ते मी बघतो, ताई. तुम्ही बोला."

पलीकडे रखमाजी होते. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

"दोरा हाय का अजून?" हर्षदाने विचारलं.

"हाय."

"कापा."

रखमाजी म्हणाले, "अमावस्येपातूर काढायचा न्हाई, असं बोललोय म्या देवाला."

"मामा, कापा. मी फोन धरते."

फोनमध्ये गिताबाईंचा आवाज आला, "आवं, आधी गाऱ्हानं तरी घाला." रखमाजी त्यांना म्हणाले, "देवाला काय सांगायचं ते माझं म्या सांगीन. कातर आन." मेंढरं कातरायची कातर मोठी असते, तिचं टोक रुतलेल्या दोऱ्याखाली जाईना. मल्हार ओरडला. मग कातरीचा आवाज आला.

"कापला," रखमाजी म्हणाले. "तुझी सासू तेल आनतीया चोळाया."

"चोळू नका. आत गाठ झाली असंल तर ती सरकंल. काही करू नका, हात सरळ ठेवा."

तिने लगेच गौतमीला फोन लावला. गौतमीने एकच विचारलं, कधीपासून बंद आहे. ते कुणालाच माहीत नव्हतं. "दौंडला आणू नका," गौतमी म्हणाली. "इथं आम्ही फक्त सुया टोचतो. सरळ पुण्याला न्या, आजच्या आज. मी डॉक्टरबाईंना कळवते."

खुटबावहून गुऱ्हाळवाले रोहिदास आपली गाडी काढून मल्हारला आणि रखमाजींना सोलापूर रस्त्याने घेऊन निघाले. हर्षदा रांजणगावहून एसटीने नगर रस्त्याने निघाली. गोळ्यातला दिवा लागलेलाच होता. तो सुमितने नंतर बंद केला.

रुग्णालयात डॉक्टरबाईंनी हातावर जेल लावून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं आणि पडदा तिघांकडे वळवला. "ही शीर आडवी कापल्यासारखी दिसते आहे. हे गोल म्हणजे तिची भिंत. आतली जागा, लुमेन, काळी दिसायला हवी. इथे करडी दिसते ती गुठळी."

काळ्या जागेचा एका कडेला जेमतेम चंद्रकोरीएवढा भाग उरला होता.

रखमाजी भिंतीला टेकून उभे होते. "दोरा म्या बांधला व्हता," ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "आजोबा, दोऱ्यानेच झालं असं मी सांगू शकत नाही. शीर जोडाजवळ आधीच अरुंद झालेली असू शकते. दोऱ्यामुळे भर पडली असणार. किती, ते आता कळायला मार्ग नाही."

"म्हंजी झालं असंल बी आन् नसंल बी."

"हो."

"हे लई वंगाळ," रखमाजी म्हणाले.

संध्याकाळी गुठळी काढली. मल्हारला बाहेर आणल्यावर हर्षदाने पट्टीच्या कडेला बोटं ठेवली. घरघर होती, बारीक.

"चालू झाली?" रखमाजींनी विचारलं.

"आत्ता चालू हाय."

"आत्ता म्हंजी?"

"दिवा गार हाय अजून, मामा."

गोळ्यातल्या दिव्याचं ते घरात ऐकून ऐकून त्यांना माहीत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मनगट पुन्हा गप्प झालं. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि या वेळी ती शीर उघडण्यात अर्थ नाही असं सांगितलं. कोपराच्या वर, दंडाच्या बाजूला, दुसरा फिस्टुला करता येईल. डाव्या हातात ती शेवटची जागा. तोवर मानेतली नळी चालवायची, म्हणजे आणखी दोन महिने तापाची टांगती भीती.

रखमाजींनी टकळी बाजूला ठेवली. कातरलेली लोकर पोत्यात भरून आढ्याला टांगली. दंडाचं ऑपरेशन होऊन मल्हार घरी आला त्या आठवड्यात, एका संध्याकाळी, हर्षदा वाड्यात मेंढरांना पाला टाकत असताना ते तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"पोराचा हात म्या घालवला," ते म्हणाले.

हर्षदा पाला टाकत राहिली. "मामा, बोटं मी घातली व्हती. बसली, म्हनून ऱ्हाऊ द्या म्हनलं. तिकडं रोज दिवा तापायची वाट बघते. हितं लगीच मोजलं आन् पुन्हा बघितलं न्हाई."

"म्हंजी दोघांनी मिळून."

"व्हय."

"मग त्याला सांगायचं का?"

"त्याला म्हाइत हाय. तो म्हनतो, कढत पानी माझंच मला पायजे व्हतं."

रखमाजींनी एका कोकराला पायाने बाजूला सारलं. "आन् तुझी सासू म्हनती, बंब तिनं पेटवला. बरंय. कुनी सुटला न्हाई."

पुढच्या अमावस्येला ते बिरोबाला जाऊन आले. या खेपेला दोरा नेला नव्हता. गिताबाईंनी विचारलं, "काय सांगितलंत देवाला?"

"सांगितलं."

"काय पन?"

"तुला कशाला पायजे? माझं आन् त्याचं हाय ते."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक काम अंगावर घेतलं. ते घरात सगळ्यांत आधी उठतात. उठून तोंड धुतात, हात चुलीपाशी धरून गरम करतात, कारण गार बोटांना बारीक थरथर कळत नाही, आणि मल्हारच्या दंडावर अंगठा ठेवतात. मग मनगटापासून खांद्यापर्यंत बाही वर करून पूर्ण हात बघतात. कुठे काही बांधलेलं नाही, वळ नाही, सूज नाही. एकदा मुलीने आजोळहून येताना बाबांसाठी रंगीत धाग्याचं बँड आणलं होतं. रखमाजींनी ते तिच्या हातातून घेतलं आणि वाड्यातल्या खुंटाला बांधलं. पोरगी रुसली. मल्हार म्हणाला, "आबा, खुंटाला ताप येतोय का?"

"येऊ दे," रखमाजी म्हणाले.

हर्षदा निघण्याआधी स्वतः पुन्हा बघते. झोप मोडली तरी मल्हारला उठवते.

"चालू हाय का?"

"चालू हाय."

"आबा काय म्हनले?"

"ते बी चालू म्हनले."

"मग दोघं मिळून दळा आन् मला झोपू द्या."

मागच्या आठवड्यात पुण्याला सोनोग्राफी झाली. या वेळी पडद्यावरचं गोल आतून पूर्ण काळं होतं. डॉक्टरबाईंनी आतल्या जागेचा व्यास मोजला, सहा मिलिमीटरच्या थोडा वर आला. हर्षदाने विचारलं, "म्हंजी झालं का?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "माप चांगलं आहे. पण सुई टोचून मशीन लावलं की एवढा जोर टिकतो का, ते टोचल्याशिवाय कळणार नाही." त्यांनी दंडावर पेनाने एक खूण केली. आधी फक्त एक सुई टोचायची. रक्त हातातून काढायचं आणि परत मानेच्या नळीतूनच सोडायचं. असे तीन फेरे नीट झाले तर पुढे दोन सुया, आणि त्यानंतर मानेतली नळी काढायची. शीर फुटली किंवा जोर कमी पडला, तर डाव्या हातात पुढची जागा नाही. मग मांडीचा विचार करावा लागेल, आणि मांडीत जंतूंची भीती जास्त.

हे सगळं हर्षदा गोळ्याशेजारच्या स्टुलावर बसून सांगते, पडद्यावरून नजर न काढता. आकडा उतरत आला आहे. शेवटच्या तीन वेळा घेतलेल्या आकड्यांत फरक उरलेला नाही. आता ती तो भरते, बटण बंद करते, दार उघडते. आतला दिवा हातमोज्यातूनही गरम लागतो.

उद्या पहिली सुई टोचायची आहे, पण सुट्टी घ्यायची नाही, असं तिने ठरवलं आहे. सुमितने दोनदा विचारलं. उरलेली रजा तिला मानेतली नळी काढतील त्या दिवसासाठी ठेवायची आहे. मल्हारसोबत दौंडला रखमाजी जातील. सुई टोचताना केंद्रात नातेवाइकांना आत बसू देत नाहीत, पण गौतमीने त्यांना दाराजवळ खुर्ची द्यायचं कबूल केलं आहे. "आजोबांना एवढंच सांगा," ती फोनवर म्हणाली होती, "मी टोचताना 'चालू हाय का' म्हणून विचारायचं नाही. माझा हात हलतो."

हर्षदा पुढचा दिवा उचलते, टांगते, दार लावते. पडद्यावर पहिला आकडा येतो. ती बसते.

उद्या बुधवार. चौफुल्यावरून कंपनीची बस पाच पंचवीसला सुटते आणि दौंडच्या केंद्रात मल्हारचा नंबर सकाळी सातचा आहे.